ठासणीच्या बंदुकीचं माप

गेल्या महिन्यात मी इंदापूरला जाऊन आमची बंदूक पोलीस ठाण्यात कायमची जमा करून आले. यजमान जाऊन वर्ष होत आलं. परवाना त्यांच्या नावावर होता. तो माझ्या किंवा मुलाच्या नावावर करून घेता आला असता, तिथल्या कारकुनानं तसा अर्जाचा नमुनाही पुढे केला. पण मुलगा पुण्यात असतो, त्याला बंदूक नको होती, आणि मी तर तिचा चाप आयुष्यात एकदाही ओढलेला नाही. तरी त्या बंदुकीत बार किती आणि कसा भरायचा, हे मला जेवढं माहीत आहे तेवढं आता कुणालाच माहीत नाही. कारकुनाला हे सांगण्यासारखं नव्हतं. त्यानं पोच दिली, मी ती पर्समध्ये ठेवली आणि एसटीनं निरवांगीला परत आले.

ठासणीची बंदूक म्हणजे काय, हे आता खेड्यातसुद्धा सांगावं लागतं. तिला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी घालायची, लांब गजानं ती तळापर्यंत ठासायची आणि मागं घोड्याखाली तांब्याची एक बारीक टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो आणि बार उडतो. काडतुसाचं माप कारखान्यात ठरलेलं असतं. इथं ते दर वेळी आपलं आपण ठरवायचं. दारू चिमूटभर इकडची तिकडे झाली, कापड जाड लागलं, गोळी आतून पोकळ राहिली, की नेम कितीही चांगला असो, गोळी वीतभर बाजूला जाते.

बंदूक मूळची सासऱ्यांची. पीक राखण्यासाठी म्हणून त्यांना परवाना मिळाला होता, त्यांच्यामागे तो यांच्या नावावर झाला. हे साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. नोकरीची बहुतेक वर्षं आम्ही कारखान्याच्या कॉलनीत काढली. तिथं बंदूक कपाटात उभी असायची. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची, एवढाच तिचा प्रवास. हे निवृत्त झाले आणि आम्ही निरवांगीला शेतात राहायला आलो. मी बदली घेऊन जवळच्या शाळेत आले.

नीरेच्या काठानं ऊस वाढला तशी रानडुकरंही वाढली होती. दिवसा ती उसात बसतात आणि उजाडायच्या आत मक्यात शिरतात. खातात थोडं, लोळवतात फार. पहिल्याच वर्षी आमचा पाऊण एकर मका आडवा झाला. यांनी वनखात्याकडे अर्ज केला, परवानगी आणली आणि एका पहाटे बांधावर बसून बार उडवला. गोळी डुकराच्या मागच्या अंगाला लागली. ते ओरडत उसात गेलं. आम्ही वनरक्षकाला कळवलं, दिवसभर शोधलं, पण उभ्या उसात काय सापडणार? तिसऱ्या दिवशी ऊसतोडीवाल्यांच्या कुत्र्यांनी ते हुडकलं. तेव्हाही ते जिवंत होतं.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. ताट पुढे तसंच ठेवून म्हणाले, "दोन दिवस जितं हुतं गं ते."

मी ताटावर झाकण घातलं.

"एका बारात पडत आसंल तरच चाप वडायचा. न्हायतर बांधावर बसून डबा वाजवायचा. बास."

आमच्या सगळ्या खटाटोपाची सुरुवात ही अशी झाली. लोकांना वाटायचं, हे शिकारीचं वेड आहे. खरं तर यांनी डुकरं कमी मारली आणि कागद जास्त.

शेततळ्याचा मातीचा भराव पाठीशी घेऊन यांनी एक फळी उभी केली. फळीवर पांढरा कागद, कागदावर कोळशाचा ठिपका. तिथून तीस पावलं मोजून दगड पुरला. पहिल्या रविवारी पाच बार काढले, तेव्हा पाच भोकं फळीभर विखुरलेली होती. हे आत जाऊन परात घेऊन आले आणि त्या भोकांवर उपडी धरली. एक भोक तरीही बाहेर राहिलं.

"परातीतबी बसंना," हे म्हणाले.

पुढे आमचं मोजमाप हेच झालं. आधी परात, मग ताट, मग ताटली. शेवटचं ठिकाण वाटी. मी पट्टीनं सेंटिमीटर मोजून वहीत लिहायची, पण यांच्या तोंडी भांडीच असायची. चुलतदीर, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, त्यांचं रान आमच्या बांधाला लागून. ते बांधावरून विचारायचे, "काय मास्तरीणबाई, आज सैपाकाचं भांडं कुठलं?"

"ताट," मी सांगायची.

"मग डुकरानं ताटाएवढं उभं ऱ्हायाला पायजे म्हणायचं."

शाळेत तेव्हा नवा डिजिटल काटा आला होता आणि जुना काचपेटीतला तराजू निर्लेखित म्हणून वापरातून बाद झाला होता. मी रीतसर अर्ज देऊन तो घरी आणला. वारा लागला तरी पारडं हलायचं, म्हणून रविवारी सकाळी खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा. घरात दारूची डबी उघडायची म्हणून चुलीतला विस्तव विझवायचा आणि देवापुढचा दिवाही आधी शांत करायचा. सासूबाई असत्या तर त्यांना हे चाललं नसतं. एप्रिलमध्ये आम्ही दोघं घामानं भिजून त्या पारड्यापुढे बसायचो. हे छोट्या चमच्यानं दारू सोडायचे, मी काट्याकडे बघून "अजून, अजून, थांबा" म्हणायची. मोजलेला एकेक बार औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून मी त्यावर चिठ्ठी चिकटवायची.

आमचं पहिलं भांडण पद्धतीवरून झालं. यांनी एका रविवारी दारूचं माप कमी केलं आणि कापडही बदललं. भोकं जवळ आली. हे खूश.

"पण सुधारलं कशानं?" मी विचारलं. "दारूनं का कापडानं?"

"सुधारलं न्हवं? मग झालं की."

"नाही झालं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं जसंच्या तसं. नाहीतर काही कळत नाही."

"मशीन बंद पडल्यावर मी हे आसं एकेक करत बसलो आसतो तर कारखान्यानं मला घरी पाठवला आसता, बाई."

मला हे चिडवायला 'बाई' म्हणायचे, शाळेतली मुलं म्हणतात तसं. पण त्यानंतर त्यांनी एका वेळी एकच गोष्ट बदलली. चार रविवार दारू, बाकी सगळं तेच. मग कापड. टेरिकॉटचं कापड जळून चिकटायचं, गोणपाट जाड पडायचं. सासऱ्यांचं एक जुनं धोतर होतं, त्याचे तुकडे सगळ्यांत चांगले निघाले. मग गोळी. अंगणात चूल मांडून हे शिसं वितळवायचे आणि साच्यात ओतायचे. गार झालेली एकेक गोळी व्हर्नियरच्या सरकत्या पट्टीनं मोजायचे, मग मी ती तराजूत टाकायची. जी हलकी भरेल तिच्या पोटात हवा राहिलेली असणार, ती पुन्हा वितळायला. वीस ओतल्या तर बारा राहायच्या. फिटरचा हात आणि व्हर्नियर, मास्तरणीचा तराजू आणि वही. संसारात आम्ही इतकं जवळ बसून कधी काही केलं नव्हतं. नोकरीच्या दिवसांत यांची पाळी आणि माझी शाळा, यात आठवडा आठवडा नीट बोलणं व्हायचं नाही.

वाटीपर्यंत पोचायला दीड वर्ष लागलं. त्या दिवशी हे फळीपाशी गेले, खिशातून वाटी काढली (दर रविवारी आशेनं घेऊन जायचे) आणि भोकांवर उपडी ठेवली. पाचही आत. मला हाक मारली नाही. मी जवळ गेले तरी वाटी तशीच धरून उभे होते.

त्यानंतर चार-पाच वर्षांत यांनी परवानगी काढून तीनच डुकरं मारली. तिन्ही जागच्या जागी पडली. प्रत्येक वेळी पंचनामा होईपर्यंत हे शेजारी बसून असायचे. मी या वर्षांना आमची चांगली वर्षं म्हणते.

मग भोकं पुन्हा दूर जायला लागली.

पहिल्यांदा ताटली लागली तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं. पुढच्या रविवारीही ताटली. त्याच्या पुढच्या रविवारी ताटलीच्या बाहेर एक. हे चक्रावले. माप तेच, गोळ्या त्याच, धोतराचे तुकडेही शिल्लक होते. यांनी टोप्यांची नवी डबी आणली. फरक नाही. मग दारूवर संशय घेतला.

मला मात्र त्याआधीच एक गोष्ट दिसली होती. चमच्यानं पारड्यात दारू सोडताना चमचा पारड्याच्या काठाला लागायचा. अगदी बारीक आवाज, दोन-तीनदा. आधी मला वाटलं, यांचा चष्मा बदलायला झालाय. मग एकदा हे खुर्चीत बसून पेपर वाचत होते आणि मांडीवर ठेवलेला उजवा हात आपोआप हलत होता, अंगठा तर्जनीवर घासल्यासारखा. यांचं त्याकडे लक्षही नव्हतं. चालताना तो हात अंगाला चिकटून राहायचा. मी विज्ञान शिकवलं असलं तरी डॉक्टर नव्हते, पण त्याचं नाव काय असू शकतं हे मला कळत होतं.

पुढच्या रविवारी मी म्हटलं, "द्या तो चमचा इकडे. तुम्हाला अंदाज येत नाही चष्म्यामुळे." यांनी दिला. मी दारू सोडली, पारडी बरोबर झाली. हे म्हणाले, "तुझा हात चांगला बसला की."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. मला वाटलं, ज्या माणसानं आयुष्यभर हातावर पोट भरलं, ज्याच्या हातानं घासलेला बेअरिंगचा तुकडा वर्कशॉपमध्ये सगळ्यांना दाखवला जायचा, त्याला त्याचा हात गेला हे आपण सांगायचं नाही. जेवढे दिवस कळत नाही तेवढे दिवस बरे. आणि नुसतं गप्प बसून भागलं नाही. हे विचारायचे, "काय झालं आसंल गं?" तेव्हा मी कारणं पुरवायची. म्हटलं, पावसाळ्यात दारूला ओल लागली असेल. यांनी पुण्याच्या दुकानातून नवी आणली आणि चार रविवार ती तपासली. म्हटलं, साचा झिजला असेल. यांनी साचा घासला, नव्यानं सगळ्या गोळ्या ओतल्या. ओतताना शिसं साच्याबाहेर सांडलं, तेव्हा मी पळी घेतली. म्हटलं, धोतराचं कापड जुनं होऊन विरलं असेल, माझी सुती साडी घ्या. साडी फाडली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे यांना मीच शिकवलं होतं, आणि प्रत्येक बदलाला महिना लागत होता. असे आठ महिने गेले. वहीत दर रविवारी मी आकडे लिहीत होते. ते आकडे खरे होते. फक्त त्यांच्यापुढची कारणं खोटी होती.

दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी हे जेवताना म्हणाले, "मी बंदुकीला घोडी करतो."

घोडी म्हणजे तिवईसारखं मांडण.

"कशाला?"

"बंदूक घोडीत आवळायची, लांबनं सुतळीनं चाप वडायचा. म्हंजी बार कसा हाय ते नीट कळंल. माणूस मधनं काढायचा. आपुन एवढं सगळं बदललं, माणूस तेवढा ऱ्हायला."

हे सहज बोलले. मी घास तसाच हातात धरून बसले. घोडीत बांधलेली बंदूक काय करणार हे मला माहीत होतं. बारात काहीच बिघडलं नव्हतं. आणि बारात काही बिघडलं नाही हे एकदा कागदावर आलं, की उरतं ते एकच.

"मका निघू द्या," मी म्हटलं. "आत्ता कुठं लोखंड कापत बसता?"

मका निघाला. मग मी म्हटलं, थंडी कमी होऊ द्या. पण यांनी लोखंडी अँगल कापून आणले होते, ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे पट्टे पाडले होते. वेल्डिंग गावातल्या माणसाकडून करून घेतलं. एरवी स्वतः करायचे, पण म्हणाले, डोळ्यांना त्रास होतो. घोडी तयार झाली तशी तिच्या दोन्ही बाजूंना वाळूची पोती ठेवली.

त्या रविवारी सकाळी तात्याही आले. बंदूक घोडीत पट्ट्यांनी आवळलेली बघून म्हणाले, "हिला बाळंतपणाला निजवली काय?"

"तपासायला निजवली," हे म्हणाले.

"डॉक्टर कोण, तू का मास्तरीणबाई?"

"आता कळंल."

बाटल्यांतले पाच बार मी आदल्या दिवशी मोजून ठेवले होते. जुनंच माप, धोतराचेच तुकडे. एक विचार माझ्या मनात येऊन गेला तो लिहिते, नाही तर हे लिहिण्यात अर्थ नाही. बाटल्या भरताना मला वाटलं होतं, दोन बाटल्यांत थोडी दारू कमी घालावी, एकीत जास्त. भोकं विखुरली असती. बार खोटा ठरला असता आणि हात वाचला असता. मी चमचा हातात धरून बराच वेळ बसले. मग माप बरोबर भरलं. त्यात माझा मोठेपणा काही नव्हता. घोडीतल्या बंदुकीत मुद्दाम कमी-जास्त बार घालायची मला भीती वाटली, एवढंच.

यांनी दहा पावलं मागं जाऊन सुतळी ओढली. पहिला बार. पुन्हा नळी पुसली, भरली, ठासली. गज आत घालताना यांचा हात नळीच्या तोंडाला दोनदा चुकला. तात्यांनी ते बघितलं. पाच बार झाले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं.

आम्ही तिघं फळीपाशी गेलो. पाचही भोकं इतकी जवळ होती, की दोन एकमेकांत मिसळली होती. तात्यांना राहवलं नाही.

"आरं, बंदूक तर वाघ हाय की. माणूसच म्हातारं झालं म्हणायचं."

ते नेहमीसारखंच चेष्टेनं बोलले होते. पण कुणी हसलं नाही, तसे ते "जातो, मोटार चालू हाय माझी," म्हणून बांधावरून निघून गेले. त्यांची मोटार चालू नव्हती, लाईट संध्याकाळी यायची होती.

यांनी खिशातून वाटी काढून भोकांवर धरली. वाटीचा काठ फळीवर वाजायला लागला. हे तो आवाज ऐकत राहिले. मग वाटी खाली घेतली.

"लिही," मला म्हणाले.

मी पट्टी लावली, माप लिहिलं.

"पुढं शेरा लिही."

"काय लिहू?"

"मला काय इचारतीस? तुला म्हायती हाय."

मी पट्टी पुसून वहीत ठेवली.

"चमचा तू माझ्या हातातनं घेतलास, तवाच का न्हाय बोललीस?" यांचा आवाज चढला नव्हता. "पळी घेतलीस. मला वाटलं, बायकू हाताखाली काम करतीय. आठ म्हैने मी दारू बदलतोय, साचा घासतोय, आन् तू लिवून घेतीयास."

"मला वाटलं तुम्हाला…"

"शाळंत एखाद्या पोरानं आसं केलं आसतं तर? म्हायती आसून वहीत दुसरंच कारण लिवलं आसतं तर? किती मार्क दिलं आसतंस?"

मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'बार निर्दोष. दोष हातात.' अक्षर माझंच, पण माझं वाटत नव्हतं. यांनी वही घेऊन वाचलं, मान हलवली आणि बंदूक सोडवायला लागले. पट्ट्याची गाठ सुटेना. मी पुढे झाले नाही. यांनी हाक मारल्यावर गेले.

दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी सकाळी हे कपडे घालून अंगणात उभे. म्हणाले, "बारामतीला जाऊ. गाडी तू चालीव." यांना मागं बसवून मी स्कूटी चालवली, असं आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच झालं. वाटेत यांनी एकदाही "हळू" म्हटलं नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी यांना बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली आणि एक वाक्य लिहायला सांगितलं. यांनी लिहिलं, 'मका चांगला आला आहे.' अक्षरं वाक्याच्या शेवटी शेवटी मुंगीएवढी झाली होती. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं आणि विचारलं, "कधीपासून जाणवतंय?"

यांनी पिशवीतून आमची वही काढून टेबलावर ठेवली. ती यांनी सोबत घेतली आहे हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी आधी न कळून पानं उलटली, मग यांनी समजावून सांगितलं. तारीख, बार, पाच भोकांतलं अंतर. डॉक्टर एका पानावर थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"आजार असा मोजून आणणारा पेशंट मी पहिल्यांदाच बघतोय," ते म्हणाले.

"मोजलं हिनं," हे म्हणाले. "फकस्त सांगितलं न्हाय."

मी विचारलं, आठ महिने आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, औषध आधी सुरू झालं असतं, एवढे दिवस जरा सोपे गेले असते. पण आजार थांबला नसता. याचा मी पुढे खूप विचार केला. त्यांनी मला धीर द्यायला म्हटलं असेल असंही वाटतं. तेवढे दिवस सोपे गेले असते, हे मात्र खरंच.

परतताना यांनी मला निरवांगीच्या अलीकडे एका उसाच्या कडेला गाडी थांबवायला सांगितली. मला वाटलं, चक्कर आली. पण हे उतरले, समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हितनं फुडं एक करायचं. तुला जे दिसंल ते मला सांगायचं. मी इचारलं न्हाय तरी. जमंल?"

मी हो म्हटलं.

"व्हय म्हणून पुन्ना लपवशील."

"नाही लपवणार."

बंदूक यांनी पुन्हा भरली नाही. पण रविवार मोडला नाही. सकाळी चहा झाला की हे टेबलाशी बसायचे, मी वही उघडून द्यायची, आणि हे डॉक्टरांपुढे लिहिलेलं तेच वाक्य लिहायचे. 'मका चांगला आला आहे.' मी पट्टी लावून वाक्याची लांबी मोजायची आणि शेजारी लिहायची. औषधाचा डोस वाढवला की वाक्य दोन-तीन आठवडे लांब व्हायचं, मग हळूहळू आखडायचं. तात्यांना हे कळलं तेव्हा ते ओसरीत येऊन म्हणाले, "आरं, मक्याचं सोड, आवंदा डाळिंब हाय तुझ्यात." हे म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची आसती, तात्या. तुला न्हाय कळायचं." दोघं हसले. तात्या मग दर रविवारी यायला लागले.

एकदा वाक्य फारच आखडलं. मला ते बघवेना. मी पट्टी लावली आणि अर्धा सेंटिमीटर वाढवून सांगितलं. यांनी पट्टीकडे बघितलं. थोड्या वेळानं म्हणाले, "व्हर्नियर आण." मी आणला. यांनी तो दोन्ही हातांनी धरून, टेबलाच्या कडेला कोपर टेकवून, स्वतः मोजलं. त्याला दहा मिनिटं लागली असतील. मग मला आकडा सांगितला. मी जुना आकडा खोडून तो लिहिला. यांनी मला खाली सही करायला लावली. त्यानंतर मी कधी वाढवून सांगितलं नाही. यांनी न विचारताही मी दिसेल ते सांगायला लागले. आज डावा पायही ओढताय. आज आवाज बारीक आहे. आज घास गिळायला वेळ लागला. सांगताना माझा जीव जायचा, पण हे "व्हय, मलाबी तसंच वाटलं" असं म्हणायचे, आणि मग आम्ही दोघं त्या गोष्टीकडे एका बाजूनं बघत बसायचो. रविवारी पारड्यापुढे बसायचो तसेच. असं होईल हे माझ्या कल्पनेतही नव्हतं. मला वाटायचं, खरं सांगितलं की माणूस एकटा पडतो.

चार वर्षं अशी गेली. गेल्या हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि यांना खाटेवरून उठवेना. त्या रविवारी मी वही जवळ न्यावी की नको, असा विचार करत होते, तेवढ्यात यांनीच बोटानं खूण केली. मी पाठीशी उशा दिल्या, मांडीवर पाट ठेवला, पेन बोटांत बसवलं. पेनाचं टोक कागदाला लागलं आणि एक ठिपका उमटला. पुढे पेन हललं नाही. आम्ही थांबलो. तात्या दाराशी उभे होते, ते अंगणात निघून गेले. मग पेन यांच्या बोटांतून निसटून पाटावर पडलं.

मी वही घेतली आणि तारखेपुढे लिहिलं, 'आज लिहिता आले नाही.'

"वाच," हे म्हणाले. आवाज अगदी तोंडाशी कान नेऊन ऐकावा लागायचा.

मी वाचून दाखवलं.

यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग म्हणाले, "आज काढ."

मला आधी कळलं नाही. "काय काढू?"

"त्यो शबुद. आज. उद्याबी न्हाय जमायचं. काढ त्यो."

मी यांच्याकडे बघितलं. यांनी डोळे उघडले होते आणि ते माझ्याकडे नीट बघत होते, मी काय लिहिते ते तपासायला. मी पेन उचललं आणि तो शब्द खोडला, प्रयोगवहीत खोडायचं असतं तसा, एकाच रेघेनं, खालचं वाचता येईल असा.